तीन वाजता रांगेत कोण होतं?

‘न्यूटन’ कसा वाटला, असं अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, मतदान केंद्राध्यक्ष राहिलेल्या एका निवृत्त गुरुजींना विचारलं, तर ते चांगला-वाईट काहीच म्हणत नाहीत. लाखेच्या वासापासून सुरुवात करतात. मतदान संपलं की यंत्राच्या पेटीला दोरा बांधायचा, लाख वितळवून गाठीवर थेंब पाडायचा आणि तो गार व्हायच्या आत मोहोर दाबायची. “पडद्यावर तो वास नाही,” ही त्यांची पहिली तक्रार.

परीक्षणाऐवजी आपलीच हकीकत सांगणाऱ्या या प्रेक्षकाची गोष्ट कानावर आली, म्हणून त्यांना गाठलं.

अमित मसुरकर यांचा हा चित्रपट 2017 सालचा. छत्तीसगडच्या जंगलात 76 मतदारांसाठी उघडलेलं केंद्र, राजकुमार रावचा हट्टी केंद्राध्यक्ष न्यूटन आणि पंकज त्रिपाठीचा वैतागलेला सुरक्षा अधिकारी. ऑस्करसाठी त्या वर्षी भारताने हाच चित्रपट पाठवला. समीक्षकांनी त्यातला उपहास वाखाणला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

कारण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव आणि आमगाव या मतदारसंघांत 2019 आणि 2024 च्या लोकसभेला मतदान सकाळी 7 ते दुपारी 3 एवढंच होतं. कारण नक्षलवाद्यांचं. “तीन म्हणजे तीन,” गुरुजी बजावतात. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेणं, केंद्रावरचा मुक्काम, सकाळी किमान 50 मतांचं अभिरूप मतदान, हे सगळं ते एका दमात उरकतात. तीनपाशी मात्र थांबतात.

वेळ संपताना रांग उरली असेल, तर केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो. सुरुवात शेवटच्या माणसापासून करायची आणि पुढे यायचं. म्हणजे मागून कुणाला घुसता येत नाही. चिठ्ठी मिळाली की कितीही वाजले तरी मत देता येतं. एकदा चिठ्ठ्या वाटून झाल्यावर धानाच्या बांधावरून एक म्हातारी येताना दिसली. ती पोहोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. गुरुजींनी तिला पाणी दिलं, मत देऊ दिलं नाही.

शेवटी न्यूटन हातात बंदूक घेऊन वेळ संपेपर्यंत केंद्र चालू ठेवतो. हा प्रसंग ज्यांना ताणलेला वाटला, त्यांनी तीन वाजताची ती म्हातारी पाहिलेली नाही. नियम दोन्हीकडे कापतो, हे गुरुजींना ठाऊक आहे, आणि चित्रपट त्या बाबतीत खरा आहे, हा त्यांचा निकाल.

सालेकसा भागातल्या एका गोंडीभाषक तरुणीला अंजली पाटीलने साकारलेली माल्को भावली. सरकारी खिडकीवर आजीचं बोलणं मराठीत सांगता सांगता ती स्वतः लहानाची मोठी झाली. अधिकारी आणि गावकरी यांच्यामध्ये उभी राहिलेली माल्को तिच्या घरचीच आहे.

छायाचित्रण, संकलन यांबद्दल या दोघांकडून काही कळत नाही, हे खरं. पण चित्रपटाने त्या कामाशी इमान राखलं की नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार? आठवणींतून सिनेमा सांगायची रीत मराठीला परकीही नाही. शिरीष कणेकरांची ‘माझी फिल्लमबाजी’ त्यावरच रंगायची.

मसुरकरांचा ‘शेरनी’ 2021 साली आला. त्यात वाघीण आहे आणि वनखात्याची माणसं आहेत. संपादकांनी त्याचं परीक्षण आता नवेगाव-नागझिऱ्याच्या एखाद्या वनरक्षकाकडून लिहून घ्यावं.