जन्नतची उमेद आणि अर्ध्यावर सोडलेली स्वप्नं

"जाऊ दे बेटी, दुनिया चार दिवसांची. इथं नाही मिळालं तर अल्लाह जन्नतमध्ये देईल." हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. बारावीला चांगले मार्क पडूनही जिचं कॉलेज थांबलं त्या मुलीला ते ऐकवलं जातं. घरच्या घरी शिवणकाम सुरू करू म्हणणाऱ्या सुनेला ऐकवलं जातं. चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसू पाहणाऱ्या आईलाही हेच उत्तर मिळतं. कित्येकदा तर बाहेरच्या कोणी सांगायची गरजही पडत नाही, माणूस स्वतःच स्वतःची समजूत काढतो आणि गप्प बसतो.

हे वाक्य खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. आखिरतवर ईमान हा आपल्या दीनचा पाया आहे. ज्याचं इथं खरोखरच काही राहून गेलं, त्याला अल्लाहकडून भरपाई मिळेल ही उमेद फार मोठा आधार आहे. प्रश्न एवढाच आहे की हा आधार आपण कशासाठी वापरतो. दुखावलेल्या माणसाला धीर देण्यासाठी की उघडं असलेलं दार बंद करण्यासाठी?

सब्र कशाला म्हणायचं?

सब्र म्हणजे जे आपल्या हातात नाही ते अल्लाहची मर्जी समजून स्वीकारणं आणि जे हातात आहे त्यावर टिकून राहणं. वडील अचानक वारले, घराचा भार मोठ्या मुलावर आला आणि त्याचं इंजिनिअरिंग राहिलं. त्याने तक्रार न करता लहान भावंडांना शिकवलं, तर तो सब्र आहे आणि त्याचा अज्र अल्लाहकडे आहे. पण घरात पैसा आहे, कॉलेज गावातच आहे, मुलीची तयारी आहे आणि फक्त "लोक काय म्हणतील" म्हणून तिला घरी बसवलं, तर त्याला सब्र म्हणता येत नाही. तो आपला निर्णय आहे. आपला निर्णय अल्लाहच्या नावावर खपवणं ही छोटी गोष्ट नाही.

पवित्र कुरआन काय सांगतो?

सूरह कससमध्ये कारूनची हकीकत येते. त्याच्याकडे अफाट दौलत होती. त्याच्या कौममधले समजदार लोक त्याला आयत ७७ मध्ये समजावतात, त्याचा आशय असा: अल्लाहने जे दिलंय त्यातून आखिरतचं घर कमाव, मात्र दुनियेतला तुझा वाटाही विसरू नकोस. लक्षात घ्या, दुनियेत बुडालेल्या माणसालासुद्धा दुनिया सोडून दे असं सांगितलेलं नाही. सूरह बकराच्या आयत २०१ मध्ये जी दुआ आहे, ती आपण लहानपणापासून मागत आलोय. तिच्यात दुनियेची भलाई आधी मागितली आहे, आखिरतची नंतर आणि मग आगीपासून बचाव. सूरह हदीदच्या आयत २७ मध्ये तर स्पष्ट केलंय की संन्यास, म्हणजे रहबानियत, ही लोकांनी स्वतः काढलेली गोष्ट होती. अल्लाहने ती त्यांच्यावर फर्ज केली नव्हती.

हजरत सलमान (रजि.) यांनी काय पाहिलं?

बुखारी शरीफमधली एक हदीस या विषयावर फार मोलाची आहे. मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्यात भाईचारा जोडून दिला होता. सलमान एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा अबू दर्दा यांच्या पत्नी अगदी साध्या, विस्कटलेल्या अवस्थेत दिसल्या. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या की तुमच्या भावाला आता दुनियेशी काही घेणं-देणं उरलेलं नाही. अबू दर्दा आले, पाहुण्यापुढे जेवण ठेवलं, पण स्वतःचा रोजा असल्याचं सांगितलं. सलमान यांनी हट्टाने त्यांना सोबत जेवायला लावलं. रात्री ते नमाजला उठू लागले तर झोपायला लावलं आणि रात्रीच्या शेवटच्या भागात दोघांनी मिळून नमाज पढली. मग सलमान यांनी समजावलं की रबचा हक्क आहे, तसा तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. प्रत्येकाचा हक्क द्या. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा सलमान खरं बोलले असं त्यांनी सांगितलं.

आपण ही हदीस इबादतीतला तोल म्हणून ऐकतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. अबू दर्दा यांची नियत नेक होती, आखिरतची ओढ खरी होती. तरीही त्या ओढीची किंमत घरात बसलेली बाई मोजत होती, आणि पाहुण्याच्या नजरेला ते आधी दिसलं. आपल्या घरातही "दुनियेत काय ठेवलंय" असं म्हणणारा एक असतो आणि ज्याचं स्वप्न मागे पडतं तो बहुतेक वेळा दुसराच असतो.

दान करतानाही मर्यादा

दुसरी हकीकत हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची. हज्जतुल विदाच्या वेळी, हिजरी १० मध्ये, ते मक्केत फार आजारी पडले. त्यांच्याकडे माल होता आणि वारस म्हणून एक मुलगी होती. दोन तृतीयांश माल सदका करू का, असं त्यांनी विचारलं. प्रेषितांनी (स.) नकार दिला. निम्मा? त्यालाही नकार. एक तृतीयांश? तेवढ्याला परवानगी दिली आणि तेही पुष्कळ आहे असं सांगितलं. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणं चांगलं, हे कारणही दिलं. म्हणजे आखिरतसाठीचा खर्चसुद्धा लेकीचं आयुष्य उघड्यावर टाकून करायचा नाही. घर नव्याने बांधताना, लग्नात पाचशे माणसं जेवू घालताना दुनिया चालते आणि मुलीच्या फीची वेळ आली की "दुनिया चार दिवसांची" आठवते, हा हिशेब कुठला?

ज्ञान हीसुद्धा जबाबदारी

इमाम गझाली यांना दुनियादार कोणी म्हणणार नाही. बगदादच्या निजामिया मदरशातलं मोठं पद त्यांनी १०९५ मध्ये सोडलं आणि ते फकिरासारखे राहिले. त्याच गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये वैद्यकशास्त्राला फर्ज-ए-किफाया म्हटलंय. कित्येक शहरांत मुस्लिम हकीम नाही आणि तरी सगळे फिकहच शिकायला धावतात, अशी तक्रारही केली आहे. आपल्या मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली, तेव्हा त्यांचाही आखिरतवर ईमान होताच. पण मुलांचं शिक्षण त्यांनी आखिरतवर ढकललं नाही.

एक हदीस तर या विषयाचा निकालच लावते. कयामत येऊन ठेपली आणि एखाद्याच्या हातात रोपटं असलं, लावणं शक्य असलं, तर त्याने ते लावावं, असा तिचा अर्थ आहे. ज्या झाडाची सावली कोणालाच मिळणार नाही, ते लावायलाही सांगितलंय.

मग कोणतं स्वप्न सोडायचं?

प्रत्येक स्वप्न पुरं करायलाच हवं असंही नाही. हराम कमाईवर उभं राहणारं, दुसऱ्याचा हक्क मारणारं किंवा फक्त शेजाऱ्याला दाखवण्यासाठी पाहिलेलं स्वप्न सोडणं हाही ईमानचा भाग आहे. कधी स्वप्न योग्य असतं, अडचण मार्गात असते. उदाहरणार्थ, मुलाला प्रवेश मिळालाय पण व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही. अशा वेळी प्रवेशच रद्द करण्याआधी बाकी दारं ठोठावून पाहावीत. सरकारी कॉलेज, शिष्यवृत्ती, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना, मुलगा हकदार असेल तर जमातीचा जकात निधी. तरीही अडलं तर जाणत्या आलिमला सगळी परिस्थिती सांगून विचारावं.

वय निघून गेलं असं वाटणाऱ्या बहिणींसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घर सांभाळून मराठीतून पदवी घेता येते. शिवणकाम असो की शिकवणी, बाईने कमावलेला पैसा तिचाच असतो. सूरह निसाच्या आयत ३२ मध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगितलाय.

घरात एवढं करून पाहा

पुढच्या वेळी "जन्नतमध्ये मिळेल" हे वाक्य ओठांवर आलं की आधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ही गोष्ट खरंच आपल्या हाताबाहेर आहे का? यात हराम काही आहे का? आणि किंमत मी मोजतोय की समोरचा? पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर जरूर धीर द्या, जवळ घ्या, दुआ करा. गोष्ट हातातली आहे, हलाल आहे आणि किंमत दुसराच मोजतोय, असं असेल तर मुलीला समोर बसवून फी किती, कॉलेज किती लांब, येण्या-जाण्याची सोय काय, हे विचारायला घ्या. अब्बूंनी विचारलं एवढ्यानेच अर्धं काम होतं.

जन्नत देणं अल्लाहच्या हातात आहे. कॉलेजच्या फॉर्मवर सही करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्या सहीचा हिशेबही आपल्यालाच द्यायचा आहे.