ओली टोपी, फुसका बार

तर मंडळी, १८५१ चं कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर. यात काडतूस नाही. सहाही घरांत दारू ठासायची, बंदुकीची हं! वर शिशाची गोळी, मागे निपलवर तांब्याची टोपी. पावसात टोपीखालून ओल शिरते, म्हणून टोपी घट्ट हवी, कडेला मेण. गोळी घरापेक्षा किंचित मोठी. दाबताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली की पुढची बाजू बंद. घरातलं तेल आधी पुसायचंच, नाहीतर तेच दारू बिघडवतं.

१८७१ मध्ये ॲबिलीनचा मार्शल असलेला वाइल्ड बिल हिकॉक. मित्राच्या आठवणीनुसार, एका सकाळी त्याने दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी करून पुन्हा भरली. काल भिजली का, मित्राने विचारलं. भिजली नव्हती. पण बिलला इतक्यात मरायचं नव्हतं!