खबरी जोडणाऱ्याचा मान

त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाटाने मोखाड्यात उतरले की पुढचा रस्ता डोंगर-दऱ्यांतून वळसे घेत जव्हारला जातो. गावाजवळच्या शिरपामाळावर शिवाजी महाराजांचे स्मारक आहे. सुरतेच्या मोहिमेवर जाताना, ३१ डिसेंबर १६६३ रोजी महाराज या माळावर थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी मानाचा शिरपेच देऊन त्यांचे स्वागत केले, असे जव्हारकर परंपरेने सांगत आले आहेत. सहलीला आलेली मंडळी इथे फोटो काढतात आणि हनुमान पॉइंटकडे निघतात. या मुक्कामामागे हेरगिरीचे केवढे काम उभे होते, ते मात्र क्वचितच कोणी सांगतो.

सुरत हे मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर, तरी शहराला भक्कम तट नव्हता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार उचलत होता, पण तेवढी फौज त्याने ठेवलीच नव्हती. अशी माहिती किल्ल्यात बसून मिळत नाही. सभासद बखरीनुसार बहिर्जी जासूद सुरतेची पाहणी करून आला आणि तिथे अमाप द्रव्य मिळेल असे त्याने महाराजांना सांगितले. महाराजांनी कल्याण आणि दंडा-राजपुरीजवळ छावण्या टाकल्या. पाहणाऱ्याला वाटावे, रोख पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याकडे आहे. प्रत्यक्षात घोडदळ आडवाटांनी उत्तरेला सरकले. ते या भागातून बोभाटा न होता पुढे जायचे, तर घाट, पाणवठे आणि रानवाटा जाणणारी इथलीच माणसे हवीत. शहरातली खबर, वाटेची माहिती आणि शत्रूची केलेली दिशाभूल या तिन्ही गोष्टी वेळेवर जुळल्या. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात मराठे सुरतेवर येऊन धडकले, तेव्हा इनायतखान किल्ल्यात जाऊन दडला.

त्या प्रसंगात इंग्रजांच्या वखारीचे रक्षण जॉर्ज ऑक्झिंडन याने केले. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले. बहिर्जीचे नाव उरले ते बखरीत. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना मुघल फौजा मागे लागल्या, तेव्हा याच बहिर्जीने तीन दिवस-रात्र आडमार्गाने चालवत महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवले. महाराज तिथे विसावले म्हणून किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले. पुढे जिंजीत बसून बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने एका जासुदाचे नाव आवर्जून नोंदवले, ही फार मोलाची गोष्ट आहे. खबर आणणाऱ्याचे नाव इतिहासात सहसा येत नाही.

आजच्या सैन्यात अधिकाऱ्याची बदली किंवा निवृत्ती जवळ आली की निरोप समारंभ होतो, बडा खाना होतो, कधी प्रशस्तिपत्र मिळते. लढाईतला पराक्रम त्यात सहज सांगता येतो. पण ज्याने लष्करी गुप्तवार्ता, पोलीस आणि केंद्रीय यंत्रणा यांना एका टेबलाशी बसवले, त्याचे काय लिहायचे? जो हल्ला झालाच नाही, त्याचा पुरावा दाखवता येत नाही. शिवाय खबर ज्या यंत्रणेची, श्रेयही तिचेच. दोन यंत्रणांच्या मधे उभा राहिलेला माणूस कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

असा माणूस नसला तर काय होते, हे देशाने दोनदा पाहिले. कारगिल युद्धानंतर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. यंत्रणांमधला समन्वय आणि माहितीची देवाणघेवाण दुबळी असल्यावर तिने बोट ठेवले. त्यानंतरच्या सुधारणांत गुप्तवार्ता विभागात ‘मल्टी एजन्सी सेंटर’ उभे राहिले आणि २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी ‘डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी’ स्थापन झाली. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झालाच. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने हल्ल्याच्या आधी येत गेलेल्या इशाऱ्यांचाही मागोवा घेतला. ते इशारे नीट चाळून त्यांचा एकत्र अर्थ लावण्याची व्यवस्था कमी पडली होती. हल्लेखोरांनी समुद्रात ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबई गाठली, म्हणून पुढे किनाऱ्याचा बंदोबस्त सर्वांनी मिळून पाहायचे ठरले. ‘सागर कवच’ या सरावात नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस एकत्र उतरतात. जव्हार-मोखाडा डोंगरातले तालुके असले तरी त्यांच्या पालघर जिल्ह्याची पश्चिम बाजू हा समुद्रकिनाराच आहे.

नियम करता येतो, केंद्रही उघडता येते. विश्वास मात्र माणसामाणसांत हळूहळू तयार होतो, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या माणसाला तो पहिल्यापासून जमवावा लागतो. म्हणून अशा अधिकाऱ्याचा गौरव दुसऱ्या यंत्रणेने करणे जास्त अर्थपूर्ण आहे. पोलिसांनी लष्करी अधिकाऱ्याचे जाहीर आभार मानले, तर त्याच्या जागी येणाऱ्याला कळते की हे दार उघडे आहे. अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर यासाठी वेगळीच वाट धरली. २००४ च्या कायद्यानंतर तिथे गुप्तचर खात्यातल्या वरिष्ठ पदावर जाण्यासाठी दुसऱ्या यंत्रणेत काम केल्याचा अनुभव आवश्यक झाला. सहकार्य थेट बढतीशी जोडले गेले.

आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे: निरोपाच्या प्रशस्तिपत्रात गुप्त तपशील न उघडता, या अधिकाऱ्याने कोणकोणत्या यंत्रणांमध्ये दुवा साधला ते स्पष्ट लिहावे आणि ती नोंद त्याच्या सेवापुस्तकात जावी.