कांद्याच्या टरफलांतला ईस्टर

ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधीचा गुरुवार हा अंडी रंगवण्याचा दिवस. त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक घरांत कांद्याची टरफले फेकली जात नाहीत, पिशवीत साठवली जातात. गुरुवारी ती पातेल्यात पडतात, पाणी तांबूस होते आणि पांढऱ्या अंड्यांवर गडद विटकरी लाल रंग चढतो. आता बाजारचा तयार रंगही सर्रास वापरतात, पण ग्रीकांचे ईस्टरचे अंडे लालच हवे. हा लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. बंद कवच म्हणजे थडगे आणि कवच फुटणे म्हणजे पुनरुत्थान, असा अर्थ भाविक लावतात. रंगवलेले पहिले अंडे काही घरांत मरियेच्या चित्रापाशी वर्षभर ठेवतात. बाकीची फोडून खाण्यासाठीच असतात.

शनिवारी मध्यरात्री चर्चमध्ये पुनरुत्थानाची घोषणा झाली की त्यांची वेळ येते. दोघांनी एकेक अंडे मुठीत धरायचे आणि टोकावर टोक आपटायचे. एक म्हणतो, 'ख्रिस्तोस अनेस्ती', म्हणजे ख्रिस्त उठला आहे. दुसरा उत्तर देतो, 'अलिथोस अनेस्ती', म्हणजे खरोखरच उठला आहे. ज्याचे अंडे शेवटपर्यंत शाबूत राहील, त्याचे वर्ष भाग्याचे.

उपवास माणसांचा, कोंबड्यांचा नव्हे

या सणात अंड्याला एवढा मान मिळाला, त्यामागे धर्माइतकाच घरगुती हिशेब आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही हा नियम पाळतात. कोंबड्यांना मात्र उपवास नसतो. उलट वसंतात दिवस मोठा होतो तशी त्यांची अंडी वाढतात. खायची नाहीत आणि टाकवतही नाहीत, अशा अंड्यांचे ढीग घरोघरी साठत. मग उपवास सुटताना पहिला मान त्यांचाच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चात ईस्टरसाठी ४५० अंड्यांचा १८ पेन्स खर्च नोंदलेला आहे. ती अंडी रंगवून, सोन्याचा वर्ख लावून दरबारात वाटायची होती.

रंग चढतो कसा

अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि वर प्रथिनांचा पातळ थर. रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घातले की अंड्यावर बारीक बुडबुडे धरतात. आम्ल कवचाला किंचित खात असते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. त्याच आम्लामुळे वरच्या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो. खाण्याच्या बहुतेक कृत्रिम रंगांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते कवचाला घट्ट धरतात. म्हणून व्हिनेगर हवेच. पण अती झाले तर कवच खरखरीत होते.

वनस्पतींच्या रंगांची तऱ्हा आणखी बघण्यासारखी. कांद्याच्या टरफलांत क्वेर्सेटिन हे पिवळसर द्रव्य असते, तरी अंड्यावर नारिंगीपासून विटकरीपर्यंत छटा येतात. हळदीचा पिवळा झळझळीत येतो. बीट पातेल्यात लालभडक दिसते, अंड्यावर मात्र फिका गुलाबी रंग येतो. सगळ्यात नवल जांभळ्या कोबीचे. व्हिनेगर घातलेले त्याचे पाणी गुलाबी-जांभळे असते आणि त्यात रात्रभर ठेवलेले पांढरे अंडे सकाळी निळे निघते. कोबीतला रंग आम्लात लालसर आणि अल्कलीकडे झुकला की निळा होतो. कवचातले कॅल्शियम कार्बोनेट आम्ल मारते, म्हणून कवचावर तो निळा दिसतो.

घरी करायचे तर

डझनभर पांढऱ्या अंड्यांना दहा-बारा कांद्यांची कोरडी टरफले पुरतात. ती लिटरभर पाण्यात अर्धा तास मंद उकळा, गाळून पाणी गार करा आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. अंडी आधी धुऊन घ्या, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तर तिथे डाग पडतो. त्या गार पाण्यात अंडी एका थरात मांडा, हळूहळू तापवा आणि उकळी आली की बारा मिनिटे मंद आचेवर ठेवा. गार अंड्यांवर एकदम उकळते पाणी पडू देऊ नका, कवच तडकते. रंग गडद हवा असेल तर त्याच पाण्यात ती फ्रिजमध्ये मुरू द्या. सुकल्यावर तेलाचे बोट फिरवले की चकाकी येते.

नक्षीसाठी कोथिंबिरीचे पान अंड्यावर चिकटवा, जुन्या नायलॉनच्या मोज्यात अंडे घट्ट बांधा आणि मग रंगात सोडा. पान काढले की त्याची रेघ न् रेघ फिकी उमटलेली असते. फार ताजी अंडी मात्र सोलताना त्रास देतात, आठवडाभराची घ्यावीत.

युक्रेनमध्ये खाण्याची आणि जपून ठेवण्याची, अशा दोन्ही परींची अंडी असतात. उकडून एका रंगात बुडवलेली 'क्राशांका' चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन खातात. 'पिसांका' मात्र बहुधा कच्च्या अंड्यावर मेणाने रेखून, फिक्या रंगातून गडद रंगात बुडवत करतात आणि जपून ठेवतात. या कलेला २०२४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अमेरिकेत घरगुती रंगवणे सोपे झाले ते १८८०च्या दशकात. न्यूअर्कमधल्या विल्यम टाउनली या औषधविक्रेत्याने रंगाच्या तयार पुड्या पाच सेंटला विकायला काढल्या.

आपल्याकडे वांद्रे, वसई आणि गोव्यात ईस्टरला बेकरीतून मार्झिपान किंवा चॉकलेटची अंडी येतात. मुंबई-पुण्यातल्या इराणी घरांत नवरोजच्या मेजावर रंगवलेली खरी अंडी दिसतात. दुकानातली अंडी जरूर आणावीत. पण घरी रंगवलेल्या अंड्यात एक गोष्ट अधिक असते: ते साठवता येत नाही. तडकलेले अंडे लगेच खावे, उकडलेले दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये आणि फ्रिजमध्येही आठवड्यात संपवावे. ते वाटावेच लागते, आणि सणाचे पदार्थ असेच असावेत. म्हणून घरात माणसे चार असली तरी अंडी डझनभर रंगवा, आणि उरलेली आठ त्याच दिवशी शेजारीपाजारी पोचवा.