गुपित ठरले, पण कोणाशी?

1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा मुलूख तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. टपाल आणि तार इंग्रजांच्या हाती असताना भूमिगतांची भिस्त विश्वासू निरोप्यांवर असावी, यात नवल नाही. गुप्त खूण ठरवायची तर ती कोणीतरी आधी प्रत्यक्ष जाऊन सांगायला हवी; सांगणारा वाटेत फुटला की खूणही फुटली. गुप्तलेखनाच्या शास्त्राला हा पेच शतकानुशतके छळत आला होता.

तो 1976 मध्ये सुटला. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी असे दाखवून दिले की, कधीही न भेटलेली दोन माणसे भर चौकात बोलूनही गुप्त आकडा ठरवू शकतात. (ब्रिटिश सरकारी गणितज्ञांना ही युक्ती त्याआधीच सापडली होती, पण त्यांच्या सरकारने 1997 पर्यंत तीही गुप्तच ठेवली!)

युक्ती शाळकरी मुलालाही कळेल अशी आहे. 2 आणि 13 हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत असे समजू. साताऱ्याने मनात 4 धरला. चार वेळा 2 घेऊन गुणाकार केला, 16 आले, त्यांना 13 ने भागून उरलेली बाकी 3 सांगलीला उघडपणे कळवली. सांगलीने मनात 5 धरला. 32 ची बाकी 6 साताऱ्याला कळवली. आता साताऱ्याने 6 चा चौथा घात केला, 1296, बाकी 9. सांगलीने 3 चा पाचवा घात केला, 243, बाकी 9. दोघांचा आकडा एकच, आणि तो तारेवरून गेलाच नाही! 13 च्या जागी शेकडो अंकी संख्या घेतली की चोरून ऐकणाऱ्याला उलटा हिशेब करणे व्यवहारतः अशक्य होते.

अर्थात, एक गोष्ट हे गणित सांगत नाही. पलीकडे खरोखर सांगलीच आहे कशावरून? मध्येच बसलेला भामटा साताऱ्याशी सांगली म्हणून आणि सांगलीशी सातारा म्हणून बोलला, तर दोघांचेही गुपित त्याच्याशीच ठरते. जमिनीच्या दस्तावर साक्षीदारांची सही लागते, तशीच तिऱ्हाइताची सही येथेही लागते. बँकांच्या संकेतस्थळांना अशी प्रमाणपत्रे असतात. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून येणाऱ्या फोनला मात्र असा कोणी साक्षीदार नसतो.

तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला व्यापाऱ्याच्या नावाने ‘पैसे नव्या खात्यावर पाठवा’ असा संदेश आला, तर तो कुलूपबंद आला एवढ्यावरून त्याने निश्चिंत का व्हावे? तरीही ‘पूर्णतः सुरक्षित’ अशी जाहिरात सर्रास केली जाते आणि सुरक्षित काय, हे कोणी सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक संवादासाठी 60 अंकी पडताळणी क्रमांक असतो. दोघांच्या फोनवरील तो क्रमांक समोरासमोर बसून ताडून पाहता येतो. किती जणांनी तो उघडून पाहिला आहे?