बंदुकीची ओढ कोणाला?

नंदुरबारात बंदुकीविषयी बोलायला उभे राहिले की ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख आधी समोर येते. त्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा हे पाच जण गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. ह्या गावाला बंदुकीच्या नळीची ओळख झाली ती अशी, समोरून.

परंतु त्या दिवशी गोळी झाडणारा शिपाई हा आमचा आजचा विषय नव्हे. त्याच्या हाती बंदूक सरकारने दिली होती आणि चाप ओढण्याचा हुकूमही सरकारचाच होता. हुकुमाचे ताबेदार होऊन माणसे काय काय करतात हा मोठा प्रश्न आहे, पण तो निराळा. कोणी हुकूम केलेला नाही, पोटापाण्याची गरज नाही, आणि तरीही ज्याला बंदूक जवळ असावीशी वाटते, अशा माणसाचा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही मानसशास्त्राचे पदवीधर नाही. आमचे शिक्षण झाले ते बाजार समितीतील हमालांच्या टोळीत, कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मात्र तीस वर्षे माणसांची गाऱ्हाणी ऐकण्याचा धंदा केला म्हणजे कोणत्या माणसाला काय बोचते एवढे कळू लागते. त्याला थोडी पुस्तकांची जोड दिली आहे.

प्रथम काही माणसे बाजूला काढू. बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन बसणारा रखवालदार पुष्कळदा सैन्यातून निवृत्त झालेला असतो. स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक असेल तर पगार थोडा बरा मिळतो, म्हणून ती त्याच्या खांद्यावर असते. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ साली कायदा झाला. त्यांच्या सभांत आम्ही बसलो आहोत. बंदुकीविषयी प्रेमाने बोलणारा रखवालदार आम्हांस तेथे क्वचितच भेटला. तिचे वजन, तिचे तेलपाणी, परवान्याच्या नूतनीकरणाच्या खेपा, ह्याविषयी मात्र ते तास तास बोलतात. दुसरा, रानडुकरांनी पीक उकरून टाकले म्हणून ठासणीची बंदूक ठेवणारा शेतकरी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणाच्या परवान्याची स्वतंत्र तरतूदच आहे. तिसरा नेमबाजीचा खेळाडू आणि चौथा यंत्राचा शौकीन, ज्याला घड्याळ उघडून पाहण्यात गोडी वाटते तशी बंदूक उघडण्यात वाटते. ह्या चौघांशी आमचे भांडण नाही. बंदूक बाळगणारे बहुसंख्य लोक आयुष्यात कोणाला ओरखडाही काढीत नाहीत, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

उरला तो आमचा माणूस. सर्वसाधारण समजूत अशी की ज्याला बंदुकीची ओढ, तो मोठा धाडसी. आमचा अनुभव नेमका उलट आहे. ती ओढ भिणाऱ्या माणसाला असते. मात्र हे भय चोराचे किंवा बिबट्याचे नसते. चोराचे भय असणारा मनुष्य कुलूप बदलतो, कुत्रा पाळतो, शेजाऱ्याला रात्री हाक मारण्याचे ठरवून ठेवतो. वोल्फगांग श्ट्रोब आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली अमेरिकेतील बंदूकधाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन भये निरनिराळी काढली: ‘माझ्यावर हल्ला होईल’ हे एक, आणि ‘एकंदर जगच आता धोक्याचे झाले आहे’ हे दुसरे. पहिल्यावर उपाय करता येतो. दुसरे भय कोठल्याही कुलपाने जात नाही, कारण ते घराच्या दाराशी नसून माणसाच्या मनातील त्याच्या जागेशी निगडित असते. आपली जागा डळमळली, आपल्याला पूर्वीसारखे कोणी मोजीत नाही, असे ज्याला वाटू लागते त्याला जग धोक्याचे दिसते.

ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील शहादा तालुका पुरेसा आहे. (तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.) १९७० च्या सुमारास तेथील बागायतदारांची परिस्थिती काय होती? काळी जमीन, विहिरींवर पंप, ऊस, सहकारी कारखाना. भिल्लांच्या जमिनी कर्जापायी, गहाणापायी त्यांच्याकडे आलेल्या आणि तेच भिल्ल त्यांच्या शेतावर सालदार. भ्यावयाचे असेल तर सालदाराने भ्यावे. पण मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्याच्या प्रकरणावरून आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या नि जीव गेला. त्या बंदुका बागायतदारांच्या होत्या. पुढे पीकसंरक्षण सोसायट्यांचे राखणदार रानोमाळ फिरू लागले.

एवढे सगळे हाती असलेल्यांस बंदूक का लागावी? पीक राखण्यासाठी, असे उत्तर दिले जाई. चार कणसे चोरीस जात नसत असे आम्ही म्हणत नाही. उपाशी मनुष्य कणीस तोडणारच. परंतु कणसे काही त्याच वर्षी चोरीला जाऊ लागली नव्हती. त्या वर्षांत नवे घडले ते दुसरेच. आंबरसिंग सुरतवंती, ज्यांना सगळा मुलूख आंबरसिंग महाराज म्हणतो, ते गावोगाव सभा घेऊ लागले होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कालपर्यंत ओट्याखाली उकिडवा बसणारा सालदार मजुरीचा हिशोब मागू लागला, तोही मान वर करून. आमच्या मते बंदुकीची ओढ तेथे सुरू होते. खाली पाहणाऱ्याने वर पाहिले की काही माणसांना आपण लुटले गेलो असे वाटते, मग घरातील एक दाणाही गेलेला नसो. अर्थात सगळेच बागायतदार असे नव्हते. ज्यांचा मान जमिनीवाचूनही टिकला असता, त्यांना बंदूक लागली नाही. ज्यांचा सगळा मान दुसऱ्याच्या वाकण्यावर उभा होता, त्यांना लागली. एकाच गावात, एकाच जातीत, शेजारी-शेजारी असे दोन प्रकार निघतात, आणि म्हणूनच ह्यात स्वभावाचा भाग आहे असे आम्ही म्हणतो. नुसत्या वर्गविचाराने तो भाग उलगडत नाही. आमच्या काही सोबत्यांना हे रुचणार नाही.

आता दुसरे टोक. सातपुड्यापलीकडे बडवानी जिल्ह्यात उमर्टीसारख्या गावी गावठी कट्टे बनतात. शिकलीगर कारागिरांचा हा जुना हुन्नर, शस्त्रे घडविण्याचा. काळाने त्याला बेकायदा धंदा करून टाकले आणि दुसरे काम कोणी दिले नाही. ते कट्टे डोंगर उतरून खानदेशात येतात. ते कोण घेतो? सराईत गुन्हेगार घेतो हे खरे. पण पोलिसांच्या बातम्यांत कमरेला कट्टा लावून फिरताना सापडलेली जी पोरे दिसतात, त्यांतील कित्येकांनी तो वापरलेला नसतो. कट्टा हातात धरून छायाचित्र काढायचे, ते मोबाइलवर चौघांना पाठवायचे, एवढाच त्याचा उपयोग, आणि बहुधा त्या छायाचित्रामुळेच ते पकडले जातात.

असा एक तरुण आमच्या ओळखीचा होता. एका ठिकाणी रोजंदारीवर होता. मुकादमाने चारचौघांत कानफटात मारून कामावरून काढले. आठ दिवसांनी आमच्याकडे आला तो कट्ट्याची किंमत बोलतच. आम्ही त्याला अहिंसेवर व्याख्यान दिले नाही. “तुला मुकादमाला मारायचे आहे का?” असे विचारले. तो म्हणाला, “नाही दादा, त्याला फक्त दाखवायचा आहे.” ‘दाखवायचा’ ह्या एका शब्दात आमच्या विषयाचे निम्मे उत्तर आले. बागायतदाराला घसरण्याचे भय होते. हा घसरून पडलेला होता. दोघांनाही बंदूक हवी होती ती समोरच्याच्या डोळ्यांत स्वतःची उंची पाहण्यासाठी. त्या पोराची थकलेली मजुरी आणि झालेल्या अपमानाची कबुली, दोन्ही टोळीने मुकादमाकडून घेतली. कट्ट्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. प्रत्येक वेळी असे होत नाही, हेही आम्ही जाणतो.

कोणी म्हणेल, भिल्लाच्या खांद्यावरही तीरकामठा असतोच. असतो, आणि दारूच्या भरात तीरानेही माणसे मेली आहेत. पण कामठा आपल्या हाताने घडवावा लागतो, नेम लहानपणापासून बसवावा लागतो, आणि कोणाचा नेम कसा आहे हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असते. त्या शस्त्राने माणसाला मोठेपण येत असेल तर ते त्याच्या कसबाचे. बंदुकीला तेवढे कसब लागत नाही. न कमावता मिळणारे बळ, हे तिचे खरे आकर्षण. ज्याला कमावून मिळेल अशी आशा उरलेली नाही, त्याला ते अधिक.

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. माणूस बंदूक धरतो तशी बंदूकही माणसाला धरते. लिओनार्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपाझ ह्यांनी १९६७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम चिडविलेल्या विद्यार्थ्याला समोरच्यास विजेचे सौम्य झटके देण्याची मुभा दिली. जवळच्या टेबलावर बंदूक व रिव्हॉल्व्हर पडलेली असली की चिडलेल्यांनी अधिक झटके दिले. पुढे कोणास तोच निकाल मिळाला, कोणास मिळाला नाही. वाद अजून आहे. २००६ साली नॉक्स कॉलेजातील प्रयोगात तीस तरुण घेतले. काहींना पंधरा मिनिटे बंदुकीसारखे हत्यार हाताळावयास दिले, काहींना मुलांचा खेळ. बंदूकवाल्यांच्या लाळेत पुरुषी संप्रेरक वाढलेले निघाले, आणि दुसऱ्याला प्यावयास द्यावयाच्या पाण्यात त्यांनी तिखट सॉसही जास्त ओतला. तीस माणसांवरून सिद्धान्त बांधू नये. तरी आमच्या मिरचीच्या बाजारपेठेत ह्या प्रयोगाचे मर्म लवकर कळेल, असे वाटते.

बंदुकीवाचून आपले चालणारच नाही, असे म्हणणाऱ्यांची एक परीक्षा दर निवडणुकीस आपोआप होते. आचारसंहिता लागली की पुष्कळ परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. महिना-दीड महिना बंदूक नसते. तेवढ्यात दरोडे वाढल्याचे आम्ही ऐकलेले नाही. एक ओळखीचे परवानाधारक मात्र त्या काळात लग्नाला जाण्याचे टाळीत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याच्या हौसेसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली.

हा वेडाचा प्रकार आहे काय? नव्हे. मनाच्या आजाराने त्रस्त असलेली बहुतेक माणसे कोणाला इजा करीत नाहीत. त्यांच्यावर हे खापर फोडणे अन्यायाचे होईल. आम्ही वर्णन केलेला मनुष्य डॉक्टरचा दाखला सहज मिळवितो. परवान्याच्या अर्जात कारण विचारतात, आणि तो ‘स्वसंरक्षण’ लिहितो. ते खोटे नसते. कशाचे संरक्षण, एवढे मात्र त्या रकान्यात मावत नाही. चौकशीला येणारा हवालदार पूर्वी काही गुन्हे आहेत का ते पाहतो. त्याने शेजारच्या मजुरांना, घरातल्या सुनेला, गाडीच्या ड्रायव्हरला दोन प्रश्न विचारले तर अर्जदाराची खरी माहिती मिळेल: कोणी उलट बोलले तर हा गृहस्थ काय करतो, आणि दारू पिऊन घरी आला की आवाज कोणावर चढवितो. ज्यांच्यावर बंदूक रोखली जाण्याचा संभव अधिक, त्यांचाच जबाब आज त्या कागदावर नसतो. तो घ्यावा, अशी मागणी आम्ही जिल्ह्यातील संघटनांच्या वतीने लिहून देणार आहोत. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे.