विकायचा फ्लॅट आणि स्वयंपाकघर: खर्च कुठे करावा, कुठे करू नये

फ्लॅट विकायचा ठरला की सल्लागारांची कमतरता राहत नाही. एजंट म्हणतो, किचन नवं करून घ्या, भाव चढेल. शेजारच्या काकू म्हणतात, नुसता रंग काढा. मुलगा परदेशातून फोनवर सांगतो, काही करू नका, आहे तसा विका. प्रत्येकाचं म्हणणं अर्धं बरोबर असतं, आणि पैसे जातात ते उरलेल्या अर्ध्यात. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात पंधरा-वीस वर्षं वापरलेला वन किंवा टू बीएचके विकायला काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. बंगलेवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी पान उलटलं तरी चालेल.

‘मॉड्युलर किचन बसवलं की भाव वाढतो’

हा सगळ्यात महागडा गैरसमज. जुन्या ट्रॉल्या काढून नवी शटर्स, सॉफ्ट क्लोजची चॅनल्स, उभं टॉल युनिट असं सगळं करायला निघालं की दोन-तीन लाखांचा आकडा गाठायला वेळ लागत नाही. विकणारा तो आकडा जसाच्या तसा घराच्या किमतीत मिळवतो. घेणारा मात्र बहुतेक वेळा कर्ज काढून घेत असतो, आणि बँकेचा व्हॅल्युअर येतो तो कार्पेट एरिया, इमारतीचं वय, मजला, मंजूर नकाशा आणि त्या भागात झालेले व्यवहार बघायला. शटरला लॅमिनेट आहे की ॲक्रिलिक, यावर त्याचा आकडा फारसा हलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्याच्या वर 75 टक्के एवढीच रक्कम कर्जाने मिळू शकते. तेव्हा तुम्ही वर चढवलेले तीन लाख बँकेने किमतीत धरले नाहीत, तर ते घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून द्यायचे. तो का देईल? त्याला तुमची चकचकीत लाल शटर्स मुळात आवडलेलीच नसतात. ताबा मिळाल्यावर पहिलं काम किचन बदलण्याचं, असं ठरवून घर घेणारेही पुष्कळ.

‘खर्च करातून वजा होतो की!’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. घरात भांडवली स्वरूपाची सुधारणा केली असेल तर तिचा खर्च भांडवली नफा काढताना धरता येतो, नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती सहसा धरता येत नाही. नवं किचन कशात मोडतं हे सीएला बिलं दाखवून विचारावं. पण समजा, तीन लाख पूर्ण मान्य झाले. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे, त्या हिशोबाने वाचले 37,500 रुपये. ते वाचवायला तीन लाख घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग काहीच करू नये? करावं, पण चालू गोष्टी नीट चालत्या करण्यापुरतं. लोंबकळणाऱ्या शटरची बिजागरी, अडकणाऱ्या ट्रॉलीचं चॅनल, टपकणाऱ्या नळाचा स्पिंडल, सिंकखालचा फुगलेला प्लायवूड, फडफडणारी ट्यूब. हे सगळं मिळून काही हजारांत होतं. घर बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी ट्रॉली ओढून बघतंच, आणि ती अर्ध्यात अडकली की बघणाऱ्याला उरलेल्या घराचीही शंका येऊ लागते.

‘रंग मारला की ओल दिसत नाही’

दिसत नाही, हे खरं आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

ओट्यामागच्या किंवा छतावरच्या डागाला पाणी कुठून तरी येत असतं, आणि ते थांबेपर्यंत कुठलाही रंग टिकत नाही. भिंतीतून झिरपलेलं पाणी क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. पापुद्रे सुटतात ते त्यामुळे, आणि बोटाला लागणारी पांढरी पूड म्हणजे तेच क्षार. आतून ‘वॉटरप्रूफ’ पुट्टीचा थर दिला तर पाणी थांबत नाही, बाजूची कोरडी जागा शोधतं.

उगम ओळखणं बऱ्याचदा सोपं असतं. पावसात वाढणारी आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येते. बारा महिने सारखीच राहणारी ओल पाण्याच्या पाइपाची. वरच्या घरात भांडी घासायच्या वेळी गडद होणारा छतावरचा डाग असेल तर वरच्यांच्या सिंकची किंवा ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपची तपासणी करायला हवी. दुरुस्ती कुणी करायची, यावर सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची, तसंच बाहेरच्या सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेने दुरुस्त करायची. सदनिकेच्या आतली ज्याची त्याने. तेव्हा विकायच्या गडबडीत स्वतःच्या खर्चाने बाहेरची भिंत दुरुस्त करण्याआधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

‘घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, आपण कशाला सांगायचं?’ असं म्हणणाऱ्यांना कायद्याचा आधार आहे, पण अर्धाच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, वेगळा करार झालेला नसेल तर विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं त्याच कलमात म्हटलं आहे. डाग उघडा दिसत असता तर तो घेणाऱ्याला दिसला असता. त्यावर रंग देऊन तुम्हीच तो न दिसणाऱ्या दोषांत नेऊन बसवता. त्यापेक्षा गळती काढा, प्लंबरचं बिल जपून ठेवा आणि विचारलं तर दाखवा. दुरुस्त केलेल्या गळतीमुळे व्यवहार सहसा मोडत नाही. लपवलेली सापडली तर मोडतो.

‘ॲसिडने घासलं की ओटा नव्यासारखा’

आधी ओटा कशाचा आहे ते बघा. जुन्या इमारतींमधला काळा कडप्पा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो, आणि तो चुनखडीचा दगड आहे. चुनखडी आम्लात विरघळते. त्यावर ॲसिड तर सोडाच, लिंबू किंवा व्हिनेगर राहिलं तरी पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पांढुरके, खरखरीत डाग पडतात. ते घासून जात नाहीत, कारण ते डाग नव्हेतच. तिथला दगडच झिजलेला असतो. संगमरवराचंही तसंच. ग्रॅनाइट मात्र मुळात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, त्याला घरातली साधी आम्लं फारसं काही करत नाहीत. म्हणून ‘आमच्याकडे तर लिंबानेच चकाकतो’ हा अनुभव खरा असतो आणि तरीही शेजारच्या घरी लागू पडत नाही.

टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट सिमेंटचं असतं, तेही ॲसिडने भुसभुशीत होतं आणि मग फटींतून पाणी भिंतीत जायला वाट मिळते. बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. स्टीलच्या सिंकवर ते राहिलं तर बारीक खड्डे पडतात आणि तिथून गंज धरतो. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद किचनमध्ये हा खेळ जिवावर बेततो.

तेलकट थराला ॲसिडची गरजही नसते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश आणि थोडा वेळ एवढं पुरतं. चिमणीच्या स्टीलच्या जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळवंडते. ग्राउट फारच काळं झालं असेल तर वरचं खरवडून नवीन भरून घ्या; इतक्या कमी पैशांत किचनचं रूप पालटणारं दुसरं काम मला माहीत नाही.

‘वासाला काय, एक अगरबत्ती लावली की झालं’

सुवास जितका जास्त, तितका बघणारा सावध. वर्षानुवर्षं फोडणी दिलेल्या घराला वास असतोच, तो खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन दोन-चार दिवस चालू ठेवून निम्मा जातो. फॅनची पाती धुवा, उरलेलाही कमी होईल. बंद फ्लॅटची गोष्ट वेगळी. मालक अमेरिकेत, किल्ली मावशींकडे, असं घर उघडलं की गटाराचा भपकारा येतो आणि घेणारा ड्रेनेज खराब म्हणून भाव पाडतो. पुष्कळदा पाइपात काहीच बिघडलेलं नसतं. सिंकखालच्या वाकात आणि नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं, तेच गटारातली हवा अडवतं. घर कित्येक आठवडे बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, काम झालं. कुणी बघायला येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी मावशींना एवढं सांगितलं तरी पुरे.

झुरळांसाठी जेल लावणार असाल तर त्यावर स्प्रे मारू नका. स्प्रेमुळे झुरळं जेलपासून दूर राहतात आणि दोन्ही पैसे वाया जातात. जेलला काही दिवस द्यावे लागतात, म्हणून हे काम जाहिरात देण्याआधीच उरका.

‘ड्राय बाल्कनी आत घेतली, म्हणजे किचन मोठं झालं’

वापरायला मोठं झालं, कागदावर नाही. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेट एरियामध्ये आतल्या भिंती धरतात. सदनिकेच्या स्वतंत्र वापराची बाल्कनी धरत नाहीत. तेव्हा बाल्कनी आत घेऊन वाढवलेले चौरस फूट जाहिरातीत लिहिले की व्हॅल्युअर मंजूर नकाशा पुढे ठेवतो आणि बोलणी तिथेच अडतात. आता विकायच्या आधी ‘ओपन किचन’ करावं म्हणून मधली भिंत पाडणं तर नकोच. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत त्याच भिंतीवर वरचे मजले उभे असतात. आरसीसी इमारतीत आतली भिंत बहुधा भार घेत नाही, पण अभियंत्याला दाखवल्याशिवाय आणि लेखी परवानगीशिवाय तिला हात लावून विकायच्या तोंडावर नवा वाद कशाला ओढवून घ्यायचा?

वास्तूबद्दल एवढंच: आग्नेयेला ओटा हवा म्हणून विकणाऱ्याने किचन हलवू नये. घेणारा स्वतःचा माणूस घेऊन येतो आणि त्याचं मत वेगळं निघतं. दिशा मात्र खरी सांगा. नकाशावर उत्तरेचा बाण असतो.

‘चिमणी आणि हॉब काय, नंतर बोलू’

शेवटचं भांडण इथेच होतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 8 नुसार घराबरोबर त्याची कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तूही जातात. भिंतीला स्क्रूने लावलेली चिमणी, वॉटर प्युरिफायर, ओट्यात बसवलेला हॉब यांत मोडतात की नाही, यावर दोन्ही बाजूंना भरपूर बोलता येतं. टोकन घेण्याआधी यादी करा: काय राहणार, काय जाणार, पाइप गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, त्याचं डिपॉझिट कुणाचं. ती यादी विक्री कराराला जोडा आणि दोघांच्याही सह्या घ्या.